त्रेसष्ट नंबरची टोपी

स्टिलबरो गावात दोन माणसे भेटली की प्रथम एकमेकांच्या टोप्या हातात घेत. टोपी उलटी करून आतली चामड्याची घामपट्टी अंगठ्याने वर सारायची, तिच्याखाली संघटनेचे लेबल शिवलेले आहे याची खात्री करायची, टोपी मालकाच्या डोक्यावर परत ठेवायची आणि मगच हवापाण्याची चौकशी करायची, असा तेथील रिवाज होता. यात कोणाला अपमान वाटत नसे. परगावचा एखादा विक्रेता पहिल्या दिवशी भांडायला उठे. दुसऱ्या खेपेला तोही आगगाडीतून उतरतानाच टोपी काढून पुढे करी.

लेम्युएल ट्रेडवेल एकतीस वर्षे या लेबलांचे रक्षक होते. लेबलांची पत्र्याची पेटी त्यांच्या पलंगाखाली असे आणि तिची किल्ली त्यांच्या गळ्यात. सभासदाने घडवलेल्या टोपीखेरीज अन्य कशावरही त्यांच्या हातून आजवर एकही लेबल गेले नव्हते. सन १९०९ च्या जुलै महिन्यात एका शनिवारी सकाळी दहा वाजता ते सेंट ब्रेंडनच्या दफनभूमीत एका उघड्या कबरीच्या काठाशी उभे होते, आणि कबर खणणारा मथायस डगन त्यांच्या जिवलग मित्राची शवपेटी खाली सोडण्यास नकार देत होता.

मित्राचे नाव कॉर्नेलियस मलव्हिहिल. एकोणीस वर्षे तो टोपीकारांच्या स्थानिक संघटनेचा अध्यक्ष होता. ९३ सालच्या संपात, मालकाच्या कचेरीत टोपी काढायची की नाही, या एका मुद्द्यावर त्याने वाटाघाटी अकरा आठवडे अडवून धरल्या होत्या. शेवटी बोलणी कारखान्याच्या अंगणात, भर पावसात झाली, कारण अंगणात टोपी घालण्यास मालकाची हरकत नव्हती. मूळ मागण्या काय होत्या हे तोवर दोन्ही बाजूंना कागद काढून पाहावे लागले.

डगनने रिवाजाप्रमाणे शवपेटीचे झाकण दोन बोटे उचलले, अस्तराची कड अंगठ्याने वर सारली आणि पाहिले. मग दुसऱ्या बाजूने पाहिले. मग फावडे जमिनीत रोवून तो त्यावर रेलून उभा राहिला.

“लेबल नाही,” तो म्हणाला.

“मथायस, ही शवपेटी आहे,” ट्रेडवेल म्हणाले.

“मी टोपी म्हणालो का? शवपेट्या करणाऱ्यांचीही संघटना आहे. त्यांचंही लेबल असतं. इथं ते नाही. क्लुगे, कुठून आणलीस ही?”

अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा गॉटफ्रीड क्लुगे आपले काळे हातमोजे काढत आणि पुन्हा घालत उभा होता. “नेहमी आणतो तिथूनच.”

“म्हणजे मेपासून जिथं संप चालू आहे तिथून.”

“आजपर्यंत कोणी तक्रार केलेली नाही.”

“कोण करणार होतं?”

क्लुगेने हातमोजे पुन्हा काढले. ट्रेडवेल यांनाही डगनला खोटे पाडता येईना, कारण संघटनेच्या घटनेचे सत्ताविसावे कलम त्यांना तोंडपाठ होते. ते कॉर्नेलियसनेच लिहिले होते. लेबल नसलेली वस्तू सभासदाने विकत घ्यायची नाही आणि वापरायची नाही, एवढेच त्यात पूर्वी होते. पुढे काही सभासदांनी असा युक्तिवाद केला की, भाड्याची बग्गी आपण विकतही घेत नाही आणि वापरतही नाही, वापरतो तो घोडा. आपण बग्गीत केवळ बसतो. कॉर्नेलियसने त्याच सभेत, उभ्या उभ्या, कलमात चार शब्द वाढवले: ‘वा तीत प्रवेश करणे’. तेव्हापासून बिनलेबलाच्या न्हाव्याची खुर्ची, बिनलेबलाच्या खानावळीचे दार आणि बिनलेबलाचा पाळणा, सर्व काही वर्ज्य झाले. गावातल्या एकमेव न्हाव्याने वर्गणी थकवली तेव्हा कॉर्नेलियस स्वतः सात महिने दाढीशिवाय हिंडला होता.

“मथायस डगन,” होनोरा म्हणाली. कॉर्नेलियसची ही पत्नी तोवर कबरीच्या दुसऱ्या काठावर गप्प उभी होती. “हा माणूस तुझ्या लग्नात पहाटेपर्यंत नाचला होता.”

“म्हणून तर, बाई. आमची संघटना त्यानंच बांधली. आम्ही खणणारे तिघंच, तरी बांधली. आता त्यालाच बिनलेबलाच्या खोक्यात पुरला, तर वर भेटल्यावर तो मला काय म्हणेल?”

“काय म्हणेल ते मला विचार. छत्तीस वर्षं ऐकलंय.” मग ती ट्रेडवेल यांच्याकडे वळली. “लेम, ह्याला आज ह्याच्या मुलीशेजारी ठेवायचंय. आज. तुमचा जो काय कायदा असेल तो बघा, पण मी त्याला घरी परत नेणार नाही.”

मागणी रास्त होती आणि वेळ थोडा होता. लेबल असलेली सर्वांत जवळची शवपेटी आगगाडीने मंगळवारी पोचली असती. बर्फवाल्यांची संघटना रविवारी गाडी काढत नसे, आणि ऊन असे होते की क्लुगेने सकाळपासून दोनदा बर्फ बदलला होता. डगनचा दिवस पाच वाजता संपत असे. पाच वाजून एक मिनिटाने तो स्वतःच्या आईसाठीही फावडे उचलणार नाही, हे त्याने तिच्या हयातीतच तिला सांगून ठेवले होते. आठ तासांच्या दिवसासाठी त्याच्या बाजूने दोन वर्षे भांडला होता तो कॉर्नेलियसच. मित्राला आज पाचच्या आत मातीआड करायचे, आणि तेही त्याचे एकही कलम न मोडता, एवढेच काम ट्रेडवेल यांच्यापुढे उरले होते.

त्यांनी तेथेच, एल्मच्या झाडाखाली, खास सभा बोलावली. गणपूर्तीला पंधरा सभासद लागत. मोजल्यावर चौदा भरले.

“अध्यक्ष हजर आहेत की,” ओटो श्वाब म्हणाला. हा टोप्यांना वाफेवर आकार देणारा कारागीर होता आणि प्रत्येक सभेत हरकतीचा पहिला मुद्दा त्याचाच असे. “त्यांना धरून पंधरा.”

“त्यांना ऐकू येत नाही,” कोणीतरी म्हणाले.

“पूर्वी तरी कुठं ऐकत होते?”

गणपूर्ती मान्य झाली. फादर टिअर्नी यांनी घड्याळ पाहिले आणि जेवून येतो म्हणून ते निघून गेले.

पहिली सूचना अशी आली की, मृत माणूस सभासदच नव्हे, म्हणून कलम त्याला लागू नाही. ट्रेडवेल यांनी घटना उघडली. सभासदत्व तीन कारणांनी संपत असे: राजीनामा, हकालपट्टी आणि थकलेली वर्गणी. मृत्यूचा उल्लेख नव्हता. कॉर्नेलियसने तर वर्गणी सप्टेंबरपर्यंत आगाऊ भरली होती.

“म्हणजे सप्टेंबरपर्यंत तो सभासद आहे,” ट्रेडवेल म्हणाले.

“चांगल्या स्थितीतला,” श्वाबने पुस्ती जोडली. मग शवपेटीकडे पाहून तो जरा ओशाळला.

दुसरी सूचना अशी की, कॉर्नेलियसने प्रवेश केलेला नाही. त्याला इतरांनी आत ठेवले. यावर मात्र स्वतः श्वाबच उसळला. तीन वर्षांपूर्वी मारामारीत कोणीतरी त्याला ढकलले होते आणि तो बिनलेबलाच्या दारूच्या दुकानात पाठीवर जाऊन पडला होता. ढकललेला माणूसही प्रवेशच करतो, असा निर्णय देऊन अध्यक्षांनी त्याला महिनाभर सभेत उभे राहण्याची शिक्षा दिली होती.

“मी महिनाभर उभा राहिलो,” श्वाब म्हणाला. “माझे पाय अजून दुखतात. ढकललेला प्रवेश हा प्रवेश नसेल, तर मला ते चार शनिवार परत द्या.”

चार शनिवार कोणाजवळच नव्हते. सूचना बारगळली.

पेटीशिवाय दफन करावे, असे एक जण चाचरत म्हणाला. होनोराने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि त्याने सूचना मागे घेतली.

एक वाजून गेला. दफनभूमीच्या कुंपणाशी मिस ॲडलेड फर्निस उभ्या होत्या. कामगारांच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी राज्य सरकारने त्यांना पाठवले होते, आणि छापील तक्त्यांचा गठ्ठा घेऊन तीन आठवडे त्या दारोदार हिंडत होत्या. हात थरथरतात का, हा त्यांचा नववा प्रश्न. सशाच्या केसांपासून फेल्ट, म्हणजे टोपीचे जाड कापड, बनवताना ते केस कातड्यावरून सुटावेत म्हणून जे पाऱ्याचे पाणी लावत, त्याच्या वाफेने गावातल्या प्रत्येक टोपीकाराचे हात थरथरत. पण असे एकानेही कबूल केले नव्हते. कोणी म्हणे, आज कॉफी जास्त झाली. कोणी म्हणे, गार वारा आहे. कॉर्नेलियसला तर शेवटच्या वर्षी होनोरा चमच्याने भरवत असे, तरी त्याने मिस फर्निस यांना सांगितले होते की हात ठणठणीत आहे, चमच्याचा तोल चुकला आहे. कारखान्याच्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ‘चिडका स्वभाव’ असे लिहिले होते.

“आणखी काही सूचना?” ट्रेडवेल यांनी विचारले.

“माझी आहे,” होनोरा म्हणाली. “तुम्हाला टोपीपलीकडे काही दिसतच नाही ना? मग ही पण टोपीच समजा. लावा तुमचं लेबल, आणि सोडा त्याला.”

ती वैतागून बोलली होती. तेरा माणसांनी माना खाली घातल्या. ट्रेडवेल यांनी मात्र घटनेची पाने मागे उलटली, दुसऱ्या कलमापाशी थांबले, ते मनात दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचले.

“‘टोपी म्हणजे फेल्टची, लाख देऊन ताठ केलेली, वाफेवर आकार दिलेली, आत अस्तर व घामपट्टी असलेली, सभासदांनी घडवलेली, आणि मनुष्याचे डोके झाकणारी वस्तू.’” त्यांनी चष्मा काढला. “डोके झाकणारी. डोक्याबरोबर बाकीचेही काही झाकले गेले, तर घटनेची त्याला मनाई नाही.”

श्वाबने शवपेटीवर बोटाने टकटक करून पाहिले.

“पण ही लाकडाची आहे,” श्वाब म्हणाला.

“आत्ता लाकडाची आहे.”

“सभासदांनी घडवलेली नाही.”

“अजून घडवलेली नाही. पाच वाजायला साडेतीन तास आहेत, बंधू श्वाब.”

डगनचे मत घेण्यात आले. तो विचार करून म्हणाला, “शवपेटी असेल तर मला शवपेटीचं लेबल हवं. टोपी असेल तर टोपीचं. मला काय, भोक माणसाच्या मापाचं आहे. आत काय जातं ते तुम्ही ठरवा.”

ठराव चौदा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. अध्यक्ष तटस्थ राहिले.

प्रथम कॉर्नेलियसला बाहेर काढणे आवश्यक होते, कारण बिनलेबलाच्या पेटीत तो कालपासून नियमबाह्य पडून होता. सहा जणांनी त्याला उचलून डगनच्या अवजारांच्या खोलीत बर्फाच्या फळीवर ठेवले, आणि होनोरा त्याच्या उशाशी बसली.

“बाहेर पडला एकदाचा,” श्वाब हळू आवाजात म्हणाला. “शेवटचा संप.”

“आणि मागणी मान्य होईपर्यंत आत जाणार नाही,” होनोरा म्हणाली. आठवडाभरात प्रथमच तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

माणसे घरोघर पांगली आणि जे हाती लागले ते घेऊन परतली. कोणी कच्च्या फेल्टचे शंकू आणले, कोणी लाखेचे डबे, कोणी कपाटात ठेवून दिलेले चामडे. डगनच्या चुलीवर दोन किटल्या चढल्या. शंकू कापून, वाफेवर ताणून सपाट करायचे आणि लाखेने लाकडावर चिकटवायचे, असे काम चालू झाले. ट्रेडवेल यांनी कामाची वाटणी कारखान्यातल्याप्रमाणेच केली: वाफ देणारे दोघे, ताणणारे चौघे, लाख लावणारे तिघे, आणि उरलेले कड साफ करणारे. झाकणाची बाहेर आलेली कड हा टोपीचा काठ धरला. माथा कोणता, यावर श्वाबने हरकत घेतली. डोक्याकडची बाजू तो माथा, असा निर्णय झाला. साडेतीन वाजता पेटी बाहेरून तपकिरी फेल्टची झाली. श्वाबने मखमलीचा कुंचला फिरवून तिच्यावर एकाच दिशेने लव बसवली आणि मागे सरकून, मान तिरकी करून पाहिले.

“बरी जमलीय,” तो म्हणाला. “समारंभात घालण्याजोगी.”

नियमानुसार लेबलावर टोपीचा नंबर लिहिणे सक्तीचे होते. टोपीचा नंबर म्हणजे तिचा इंचांतील व्यास. ट्रेडवेल यांनी फीत लावून पेटीचा परीघ मोजला, तो एकशे अठ्ठ्याण्णव इंच भरला. त्याला त्यांनी बावीस सप्तमांशाने भागले. बाकी काही उरली नाही, याचे त्यांना समाधान वाटले.

“त्रेसष्ट,” ते म्हणाले.

“कॉर्नेलियसला सव्वासातची बसायची,” डगन म्हणाला. “ही सैल होईल.”

आता फक्त लेबल शिवायचे राहिले. माथ्याकडे आतून बसवलेल्या घामपट्टीखाली ते टाक्यांनीच बसवले पाहिजे, चिकटवलेले लेबल बाद, असा नियम होता. ट्रेडवेल यांनी घरून आणलेली पेटी उघडली, एक लेबल काढले, सुई काढली आणि दोरा ओवायला घेतला. दोरा सुईच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून गेला. मग सुई गवतात पडली.

“ऊन डोळ्यांवर येतंय,” ते म्हणाले.

श्वाबने सुई शोधून घेतली आणि प्रयत्न केला. त्याला वारा आडवा आला, असे तो म्हणाला. एल्मचे पानही हलत नव्हते. सुई तिसऱ्याकडे गेली, मग चौथ्याकडे. एकाने सांगितले की दोरा जाड आहे. एकाने सांगितले की सुईच्या भोकात काहीतरी आहे. नववा काहीच बोलला नाही, आणि त्याच्यानंतर कोणीच काही बोलले नाही. चौदाव्याने सुई परत ट्रेडवेल यांच्या तळहातावर ठेवली. तेथेही ती हलत राहिली.

मिस फर्निस कुंपणाच्या आत आल्या होत्या. त्यांच्या हातातील तक्त्यावर नवव्या प्रश्नासमोर चौदा लहान रेघा ओढलेल्या होत्या. “मी ओवून देऊ का?” त्यांनी विचारले.

“तुमचं सभासदत्वाचं कार्ड?” डगनने विचारले.

त्यांच्याजवळ कार्ड नव्हते.

“माझ्याजवळ आहे,” होनोरा अवजारांच्या खोलीच्या दारातून म्हणाली.

लग्नाआधी ती अकरा वर्षे टोप्यांना अस्तर आणि घामपट्टी शिवत असे. शिवणाऱ्या बायकांची संघटना वेगळी होती, आणि कारखाना सुटल्यावरही तिने कार्ड कधी रद्द केले नव्हते. नवऱ्याने आपल्या संघटनेचा तोरा मिरवला की तिला ते कार्ड पुढे करता येत असे. शिवणाऱ्या बायका पाऱ्याच्या खोलीत कधी गेल्या नव्हत्या. तिने एका झटक्यात दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई ट्रेडवेल यांच्यापुढे धरली.

“टाके तुम्हीच घालायचे ना? कलमात आहे म्हणे.”

“रक्षकानेच,” ट्रेडवेल म्हणाले. त्यांनी सुई हातात घेतली आणि त्यांचा हात पट्टीपासून दोन बोटे अंतरावर नाचू लागला.

होनोराने त्यांचे मनगट आपल्या दोन्ही हातांत धरले, जसे ती वर्षभर दुसऱ्या एकाचे धरत आली होती. “घाला आता,” ती म्हणाली. “चमच्याचा तोल बरोबर आहे.”

चार टाके पडायला सहा मिनिटे लागली. टाके वाकडे होते. ट्रेडवेल यांच्या हातून एकतीस वर्षांत असे वाकडे टाके कोणाच्या टोपीत गेले असते, तर त्यांनी ते उसवले असते.

“मिस,” ते मान वर न करता म्हणाले, “तुमच्या त्या नवव्या प्रश्नावर माझं उत्तर काय लिहिलंय तुम्ही?”

“‘कॉफी.’”

“खोडा ते. मघाच्या रेघांत माझीही धरलीय ना, ती राहू द्या. आणि कॉर्नेलियसची पण ओढा. पंधरा.”

“त्यांनी तसं कधी मान्य केलं नव्हतं.”

“ते अध्यक्ष होते,” श्वाब म्हणाला. “आम्ही ठराव करतो.”

ठराव झाला. मिस फर्निस यांनी पंधरावी रेघ ओढली.

पाचला वीस मिनिटे असताना कॉर्नेलियस विधिपूर्वक टोपीत गेला. डगनने झाकणाची कड उचलली, पट्टी अंगठ्याने वर सारली, लेबल पाहिले, त्यावर लिहिलेला नंबर पाहिला आणि समाधानाने मान हलवली. दोर खाली सुटले. टोपी कबरीत टेकली, आणि मुलीच्या लहान दगडाची सावली तिच्यावर पडली.

फादर टिअर्नी जेवून आणि झोप काढून परतले होते. दुपारी काय घडले याची त्यांना काडीची कल्पना नव्हती. पुस्तक उघडून ते म्हणाले, “सर्वांनी टोप्या काढाव्यात.”

चौदा जणांनी टोप्या काढल्या. डगननेही काढली. मग, कोणी ठरवले नसताना, सर्वांच्या नजरा कबरीत गेल्या, आणि तेथून ट्रेडवेल यांच्याकडे आल्या. घटनेनुसार ती टोपी होती; ठराव त्यांनीच लिहून घेतला होता. तिचा काठ त्यांच्या पायांपासून सहा फूट खाली होता आणि घड्याळात पाचला बारा मिनिटे होती.

“काय झालं?” फादरांनी विचारले.

“फादर, एकाने काढलेली नाही,” ट्रेडवेल म्हणाले.

फादरांनी डोकी मोजली. “सगळ्यांनी काढल्या आहेत.”

“कॉर्नेलियसने नाही,” होनोरा म्हणाली. “त्याने मालकापुढे अकरा आठवडे काढली नव्हती. देवासमोर उभा राहिला की काढेल. तुमच्यासमोर नाही. वाचा तुम्ही.”

फादरांनी कबरीतल्या त्या तपकिरी, लव बसवलेल्या वस्तूकडे प्रथमच नीट पाहिले. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. वारा नव्हता, तरी काठावर धरलेल्या चौदा टोप्या हलत होत्या, आणि त्यांची घामपट्टीवर घामपट्टी घासल्यासारखी बारीक सळसळ प्रार्थनेच्या मागे चालू होती. कोणीही हात मागे लपवला नाही.

पाचला चार मिनिटे असताना डगनने पहिले फावडे टाकले.